सापडलं? आता होतं तिथेच ठेवा!

३ मे २०००. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातलं एक रान. डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने एक काळी बादली तिथे नेली आणि अर्धीमुर्धी जमिनीत पुरली. आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल आणि बीन्सचा एक सीलबंद डबा. मग त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले आणि सांगून टाकलं की या, शोधा, काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा. तीन दिवसांत लोक तिथे पोचलेसुद्धा. महिना संपायच्या आत खेळाला ‘जिओकॅशिंग’ हे नाव मिळालं. सप्टेंबरात वेबसाइट सुरू झाली तेव्हा जगभरात असे ७५ डबे होते. आज तीस लाखांच्या वर आहेत.

गंमत म्हणजे ती पहिली बादली आजच्या नियमांत बसलीच नसती. डबा जमिनीत पुरायचा नाही हा एक नियम, आणि खाण्याचा पदार्थ ठेवायचा नाही हा दुसरा. उल्मरने एकाच दमात दोन्ही मोडले. (बीन्सचा तो डबा मात्र पुढे एवढा नावाजला, की त्याला पाहायला लोक जमतात. कशाचं नशीब कुठे उघडेल, सांगता येत नाही.)

आणि ३ मेच का? कारण १ मेला राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली गडबड बंद करायचा हुकूम जाहीर केला होता. तोवर सामान्य माणसाचं यंत्र शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवायचं, आता ते दहाएक मीटरवर आलं. आपल्याकडे त्या सोमवारी महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती. अमेरिकेत काय घडलं याची खबर कर्जतच्या लोकलमधल्या ट्रेकरला असायचं कारण नव्हतं. तो त्याच्या नेहमीच्या खेळात होता: चार मित्र, एक फाटका नकाशा, आणि जंगलात दडलेलं काहीतरी शोधायचं.

भारतात जिओकॅशिंग अजून मूठभरांचंच. पण कर्जत-खालापूरच्या डोंगरांत हिंडलेल्या कुणालाही हे नियम वाचून वाटेल, अरेच्चा, हे तर आपल्याकडे कधीपासून चालू आहे!

देवाची भांडी, घासून ठेवणे

सांडशी गावातून मान वर केली की ढाकचा कातळकडा दिसतो आणि त्याला खेटून उभा कळकराय सुळका. त्या कड्याच्या पोटात, भिंतीत कोनाडा असावा तशी एक गुहा आहे. तिथे शेंदूर माखलेला बहिरी बसलेला असतो. गुहेत थंडगार पाण्याची टाकी आहेत आणि तिथेच गावकऱ्यांनी ठेवलेली स्वयंपाकाची भांडी.

कुणीही यावं, चूल मांडावी, त्या भांड्यांत भात शिजवावा, जेवावं. अट एवढीच, की निघताना भांडी घासून होती तिथे ठेवायची. घरी नेली तर? बहिरी बघून घेतो. कसं बघून घेतो याच्या कथा पायथ्याच्या गावात हव्या तेवढ्या ऐकायला मिळतील, आणि सांगणारा हसत नसतो.

आता हे जिओकॅशिंगच्या पुस्तकातून उचलल्यासारखं वाटत नाही का? जागा दुर्गम, सगळ्यांना खुली, कुलूप नाही, राखणदार नाही, वापरा आणि पुढच्यासाठी ठेवा. फरक इतकाच, की अमेरिकेतल्या डब्यातली वस्तू ढापली तर फार तर वेबसाइटवर कुणीतरी चिडून लिहितं. इथे देव चिडतो. डबा वर्षानुवर्षं टिकवायला दोन्हींतली कुठली व्यवस्था बरी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

असल्या भांड्यांच्या गोष्टी महाराष्ट्रात आणखीही आहेत. कित्येक गावांत एखादं तळं किंवा टाकं असतं. लग्नाच्या आदल्या दिवशी काठावर हळदकुंकू वाहून मागणी केली की सकाळी लागतील तेवढी भांडी वर आलेली असायची, कार्य आटोपलं की परत सोडायची. आणि प्रत्येक गावाच्या गोष्टीत शेवटी तोच एक लोभी माणूस असतो, ज्याने एक वाटी ठेवून घेतली आणि तेव्हापासून भांडी यायची बंद झाली. ढाकला तो माणूस अजून पोचलेला नाही. त्याचं श्रेय बहुधा वाटेला द्यायला हवं.

कारण वाट सोपी नाही. खिंड गाठली की पुढे कड्याला अंग घासत आडवं जायचं, एका बाजूला कातळ आणि दुसरीकडे नुसती हवा. मग कातळात खोदलेल्या पावठ्या, हाताला दोर, आणि शेवटच्या टप्प्यात नीट भक्कम पकड. इथे अपघात झालेत, जीव गेलेत. पावसाळ्यात इकडे फिरकू नये, आणि पहिल्यांदा जाताना ओळखीचा माणूस बरोबर हवाच.

जिओकॅशिंगमध्ये प्रत्येक डब्याला दोन गुण असतात: शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड. दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्या पायरीने. म्हणजे एकूण ८१ जोड्या होतात, आणि जगात असे वेडे पीर आहेत जे सगळ्या ८१ पुऱ्या करण्यासाठी आयुष्य घालवतात. ढाकची भांडी या तक्त्यात कुठे बसतील? शोधायला १, कारण शेंबडं पोरही बोट दाखवून सांगेल. पोचायला ५, कारण ५ म्हणजे ‘खास साधनं लागतील’. असा १-५चा डबा मिळाला म्हणून परदेशी खेळाडू नाचले असते.

यंत्र म्हणतं आलात, पाय म्हणतात कुठे?

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. किमान चार दिसले तर तुमची जागा ठरते. मोकळ्या मैदानात आजचा साधा फोन पाचेक मीटरपर्यंत अचूक सांगतो. पण हे मैदानाचं झालं. ढाकच्या किंवा कोथळीगडाच्या कड्याखाली उभं राहिलं की अर्धं आकाश दगडाने झाकलेलं असतं. त्यातून काही लहरी थेट येतात, काही समोरच्या कड्यावर आपटून उशिरा येतात. यंत्राला वाटतं उपग्रह लांब आहे. मग नकाशावरचा तुमचा निळा ठिपका दरीत उडी घेतो आणि परत येतो, तुम्ही मात्र एका जागी उभे राहून पाणी पिताय.

दुसरी फसगत याहून मजेदार. अक्षांश-रेखांशाच्या जोडीत उंची नसते. कड्याच्या पोटातली गुहा आणि तिच्या बरोब्बर खालचा दगडधोंड्यांचा ओढा, दोघांचा पत्ता एकच! यंत्र ‘अंतर शून्य मीटर’ म्हणतं आणि डबा डोक्यावर कुठेतरी असतो.

कोथळीगड, म्हणजे पेठचा किल्ला, तर याही पुढचा. इथे सुळक्याच्या माथ्यावर जायचा जिना सुळक्याच्या पोटातून कोरून काढलाय. डोंगराच्या आत शिरून पायऱ्या चढायच्या आणि माथ्यावर बाहेर पडायचं. चारी बाजूंनी दगड, आकाश गायब. त्या जिन्यात कुणी डबा लपवला तर उपग्रहाच्या बाजूने मदतीची आशाच सोडा.

एक गैरसमज मात्र ट्रेकच्या ग्रुपमध्ये दर वेळी ऐकायला मिळतो: ‘रेंज नाही, मग जीपीएस कसं चालेल?’ चालतं. जीपीएसला सिमकार्ड लागत नाही, फोन उपग्रहाचं नुसतं ऐकतो. रेंज लागते ती नकाशाचं चित्र उतरवायला, म्हणून ते घरूनच उतरवून न्यायचं. आणि नुसता अमेरिकेचाच उपग्रह का ऐकायचा? आपल्या इस्रोच्या ‘नाविक’ मालिकेतला पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी उडाला आणि २८ एप्रिल २०१६ रोजी सातवा उडून साखळी पुरी झाली. बऱ्याच नव्या फोनना नाविकही ऐकू येतो.

परदेशातला भाचा डबे शोधायला येणार असेल तर त्याला एक आधीच बजावा. उपग्रहावरून बोलणारे फोन किंवा संदेश धाडणारी यंत्रं आपल्या देशात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. त्याच्या गावच्या जंगलात जी गोष्ट शहाणपणाची समजतात, ती इथे विमानतळावरच अडकवेल.

निघालो कर्जतला, पोचलो पालीला

या खेळात पत्ता अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. एक मिनिट म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ किलोमीटर, म्हणजे मिनिटाचा हजारावा भाग दोन मीटरच्या आत. सगळी मदार तिसऱ्या दशांश स्थळावर.

आता कर्जत स्टेशनाच्या आसपासचा पत्ता घ्या: उत्तर १८ अंश ५४.६ मिनिटं, पूर्व ७३ अंश १९.३ मिनिटं. घाईत कुणीतरी फोनमध्ये टाकलं १८.५४६ आणि ७३.१९३. दिसायला आकडे तेच, पण पहिल्यात साठ मिनिटांचा अंश आहे आणि दुसऱ्यात शंभराचा हिशेब. बोट पडतं थेट चाळीसेक किलोमीटर दक्षिणेला, नागोठणे आणि पाली यांच्या मधे. म्हणजे डबा राहिला कर्जतला आणि मंडळी बल्लाळेश्वराचं दर्शन घेऊन, पोह्याचे पापड बांधून घरी. हेही काही वाईट नाही म्हणा.

पहिला कोण?

डबा सर्वात आधी शोधणाऱ्याला जिओकॅशिंगमध्ये मोठा मान. नवा डबा जाहीर झाला की लोक रात्री अंथरुणातून उठून टॉर्च घेऊन पळतात. त्यांना माथेरानची गोष्ट सांगायला हवी.

पुस्तकांत लिहिलंय की माथेरानचा ‘शोध’ ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी मे १८५० मध्ये लावला. मुक्काम चौकला होता, समोरचा डोंगर आवडला, वन ट्री हिलच्या बाजूने चढून गेले आणि रामबागेकडून उतरले. छान. फक्त त्या डोंगरावर ठाकर, धनगर आणि कातकरी आधीपासून राहत-वावरत होते. म्हणजे डबा उघडला तर वहीची पहिली पानं भरलेली, आणि साहेब म्हणतात मीच पहिला.

खालापूर तालुक्यातल्या महडचा दावा मात्र जरा भक्कम आहे. इथल्या वरदविनायकाची मूर्ती १६९० मध्ये जवळच्या तळ्यात सापडली असं देवस्थानची परंपरा सांगते. १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी देऊळ बांधलं आणि गाभाऱ्यातला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवतो असं म्हणतात. सापडलेल्या वस्तूची इतकी नीट बडदास्त ठेवल्याचं उदाहरण जिओकॅशिंगच्या वेबसाइटवर सापडायचं नाही.

वहीत सही

डबा सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची. सही नाही तर शोध नाही, हा नियम कडक.

ही सवय जिओकॅशिंगची नव्हे. १८५४ मध्ये इंग्लंडातल्या डार्टमूरच्या दलदलीत जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या आडजागी एक बाटली ठेवली, येणाऱ्यांनी आपलं कार्ड आत टाकावं म्हणून. त्यातून लेटरबॉक्सिंग नावाचा खेळ निघाला आणि तो अजून चालतो. आल्प्सच्या शिखरांवर पेटीत वह्या असतात.

पण कोंडिवडे गावातून उल्हास नदीच्या काठाने राजमाचीकडे चढायला लागा. अर्ध्या वाटेवर, पावसाळ्यात धबधब्याच्या पडद्याआड, कोंडाणे लेणी आहेत. इसवी सनापूर्वीचा चैत्य. दर्शनी भागात डावीकडे एका मोठ्या भंगलेल्या मूर्तीचा उरलेला माथा दिसतो आणि त्याच्याजवळ ब्राह्मीत एक ओळ. अर्थ असा: कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. बस. ना राजाचं नाव, ना दानाची रक्कम. गुरूचं नाव, स्वतःचं नाव, काम झालं. दोन हजार वर्षांहून जुनी सही, आणि तीसुद्धा कुणी पळवू शकणार नाही अशा वहीत.

(हे वाचून कुणाला हातात खिळा घ्यावासा वाटला तर ध्यानात ठेवावं, बलकाने आधी लेणं कोरलं आणि मग नाव. तुम्ही लेणं कोरणार नसाल तर नावही कोरू नका. संरक्षित स्मारक विद्रूप करणं १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे.)

शिंगरोबा नावाचं यंत्र

खोपोलीहून जुन्या रस्त्याने बोरघाट चढताना वाटेत शिंगरोबाचं देऊळ लागतं. येणारे-जाणारे ड्रायव्हर हात जोडतात, नाणं टाकतात. कथा अशी सांगतात: साहेबांना घाटातून वर जायची वाट काही केल्या सापडेना. शिंगरोबा धनगर रोज मेंढरं घेऊन त्याच डोंगरात. त्याने वाट दाखवली. बक्षीस काय हवं विचारल्यावर तो म्हणाला, स्वातंत्र्य. साहेबाने गोळी घातली. इतिहासाच्या कागदात हे शोधायला जाऊ नका, पण घाटात कुणाला विचारून बघा, तो तुम्हाला ते काल घडल्यासारखं सांगेल.

आजही कर्जतच्या रानात हाच अनुभव. यंत्र दिशा दाखवतं, वाट नाही. डबा ईशान्येला चारशे मीटर, ठीक आहे, पण मधे कारवीचं असं दाट रान की हात घातला तर कोपर दिसत नाही. त्यात ढोरवाटा. गुरांनी पाडलेल्या या वाटा दिसायला पायवाटेहून ठसठशीत असतात आणि सरळ एखाद्या झऱ्यावर किंवा चांगल्या गवताच्या तुकड्यावर जाऊन संपतात. गुरांना जिथे जायचं होतं तिथे त्या बिनचूक नेतात, तक्रार करायला जागा नाही. खांडसहून भीमाशंकरला जाताना पदरावरच्या जंगलात या ढोरवाटांनी भल्याभल्यांना गोल फिरवलंय. तिथल्या शिडी घाटात कातळाला लोखंडी शिड्या आहेत, गणेश घाट लांबचा पण सोपा. दोन्हींचे फाटे पायथ्याच्या वाडीत विचारूनच पक्के करावेत.

विचारतानाही एक काळजी. ‘ठाकूरवाडी कुठे?’ असं विचारू नका. या तालुक्यांत जवळजवळ प्रत्येक डोंगराला आपली एक ठाकूरवाडी आहे आणि समोरचा माणूस त्याच्या जवळची दाखवणार. घाटातल्या रेल्वेमार्गावर त्याच नावाचं एक ठाणंही आहे, तिकडे तर मुळीच जाऊ नका.

स्थानिकांना रान कळतं आणि बाहेरच्यांना ते दिसतच नाही, याचा सर्वात मोठा प्रयोग खालापूर तालुक्यातच झाला. २ फेब्रुवारी १६६१, उंबरखिंड, चावणी गावाजवळ. मोगल सरदार कारतलबखान मोठं सैन्य घेऊन कुरवंडा घाटाने कोकणात उतरला. दोन्ही बाजूंच्या झाडीत शिवाजी महाराजांचे लोक दबा धरून होते आणि खानाच्या फौजेला शेवटपर्यंत काही दिसलं नाही. जिओकॅशिंगमध्ये खेळाबाहेरच्या माणसाला हॅरी पॉटरमधला शब्द उचलून ‘मगल’ म्हणतात: डब्याच्या शेजारून जातो पण त्याला पत्ता लागत नाही. खान हा सैन्यासकट मगल. बरोबर असलेल्या रायबागन या सरदारणीने शेवटी शरण जायचा सल्ला दिला आणि सगळं सामानसुमान, पैसाअडका तिथेच टाकून मंडळी जिवानिशी सुटली. घ्यायचं काही नाही, ठेवून मात्र सगळं जायचं, असा हा एकतर्फी डबा.

आणि बेचाळीसच्या चळवळीत भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले आणि याच डोंगररांगांत आसरा घेतला. कोतवाल मूळचे माथेरानचे, डोंगर पायाखालचा. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांनी त्यांना गाठलं. कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच धारातीर्थी पडले. रानाने त्यांना उघडं पाडलं नव्हतं, माणसाने पाडलं.

डबा टिकायचा कसा?

परदेशात लष्कराच्या दारूगोळ्याच्या जुन्या लोखंडी पेट्या या खेळात फार लोकप्रिय आहेत. झाकणाला रबर, पाणी आत जात नाही, अस्वलाला उघडत नाही. आपल्याकडे ही पेटी रानात ठेवून बघा! जिथे रेल्वे स्टेशनवर बेवारस पिशवीला हात लावू नका म्हणून दिवसभर ओरडतात, तिथे हिरवी लष्करी पेटी म्हणजे पोलिसांची जीप आलीच. तिकडेही हे घडलंय: इंग्लंडातल्या वेदरबी गावात २०११ मध्ये कुणीतरी लपवलेल्या एका डब्यापायी रस्ता रिकामा करून बॉम्बशोधक पथक बोलवावं लागलं, आणि त्यांनी तो डबा उडवून दिला. म्हणून डबा पारदर्शक हवा, वर मराठीत ‘हा खेळ आहे, आत वही आहे’ असं ठळक लिहिलेलं हवं, आणि वाडीतल्या लोकांना तो ठाऊक हवा. वनखात्याची परवानगी तर हवीच. खांडसच्या वरचं रान भीमाशंकर अभयारण्यात मोडतं, तिथे आपल्या मर्जीने काही ठेवून येणं चालत नाही.

माणसांनंतर माकडं. प्लॅस्टिकच्या डब्यात खाऊ असतो, हे माथेरानच्या माकडांच्या दोन-तीन पिढ्यांना पाठ आहे. झाकण कितीही घट्ट असो, त्यांच्याकडे वेळच वेळ आहे.

मग पाऊस. चार महिने असा कोसळतो की वहीचा लगदा होतो आणि वाटेचा ओढा. या काळात शोधाशोध बंद ठेवणं हाच खेळ. इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. माथ्यावरच्या नेढ्यात बसून वारा खायला जाणारे ट्रेकर याच वाडीतून वर जात, इथेच पाणी मागत.

पाऊस ओसरला की वेगळी पथकं हजर. खाजकुइली: शेंगेवरची सोनेरी लव दिसायला मखमली, तिच्यात म्युकुनेन नावाचं द्रव्य, अंगाला लागली की माणूस नाचतो. आणि साप. दगडाच्या कपारीत डबा लपवायचा मोह होतो, पण ती कपार आधीच फुरशाने किंवा चापड्याने भाड्याने घेतलेली असू शकते. हात घालण्याआधी काठी घालायची, हा सह्याद्रीतल्या शोधाचा पहिला नियम.

या सगळ्यांत हुशार लपवाछपवी कारवीची. सात वर्षं नुसती हिरवी, आणि आठव्या वर्षी अख्खा डोंगर जांभळा. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात २००८ ला फुलली, मग २०१६ ला, मग २०२४ ला. फुलून झाली की झुडपं वाळतात आणि गेल्या वर्षी जिथे हाताने रान बाजूला सारत गेलो तिथे काटक्यांचा सांगाडा उभा असतो. त्या झाडीच्या भरवशावर लपवलेला डबा मग उघड्यावर येतो.

रात्री मुक्काम असेल तर आणखी एक नजराणा. मे संपता-संपता राजमाचीच्या वाटेवर झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकतात. आणि पावसात भीमाशंकरच्या रानात कुजक्या फांद्यांवर ‘मायसीना’ जातीची बुरशी हिरवट उजेड देते. टॉर्च बंद केली तरच दिसते.

अंतराळात डबा, घाटात वडा

तळटीप म्हणून परदेशी विक्रमही सांगून टाकू. २००२ मध्ये रिचर्ड गॅरियट या हौशी माणसाने पाणबुडीतून जाऊन अटलांटिकच्या तळाशी, सुमारे २,३०० मीटर खोल, एक डबा ठेवला. २००८ मध्ये तोच गडी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात गेला आणि तिथेही एक नोंदवून आला. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हरन्स गाडीवर या खेळाचा क्रमांक असलेली एक चकती आहे. मंगळावर माकडं नाहीत, टिकेल.

इकडे आपला प्रवास मुंबईहून लोकलने शंभर किलोमीटर. कर्जतहून लोणावळ्याकडचा चढ ३७ ला १ इतका उभा, म्हणून घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटायला इथे जादा इंजिनं जोडतात. त्या थांब्यात कर्जतच्या वडापावाने नाव कमावलं. इंजिनाला धक्का आणि प्रवाशाला वडा, एकाच फलाटावर.

खोपोलीकडे जायचं तर पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी एकेरी मार्गावरची छोटी गाडी. हा फाटा मुख्य घाटमार्गाहून जुना: १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंतच यायची, पुढचा घाट पालखीतून किंवा तट्टावरून चढायचा. बोरघाटातून रूळ वर गेले ते १८६३ मध्ये. आजही या फाट्यावर गाड्या मोजक्याच आहेत. उतरताना उशीर झाला तर पुढच्या गाडीची वाट फलाटावर बसून बघायची. डबा सापडो न सापडो, वेळापत्रक फोनमध्ये असू द्या.

कलेक्टर साहेबांना कळवावे

शेवटी कायदा. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. त्यानुसार जमिनीत लपवलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कुठलीही वस्तू सापडली तर काय सापडलं, कुठे, कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. दहा रुपये! १८७८ मध्ये त्यात बरंच काही यायचं, आज कर्जत स्टेशनवर अख्खा वडापावही येत नाही.

म्हणजे उल्मरने आपली बादली खालापुरात पुरली असती, तर पहिल्या शोधकाला वहीत सही करून भागलं नसतं. बीन्सचा डबा नग एक, गलोल नग एक, रोख रक्कम अमुक, अशी यादी करून अलिबागला अर्ज धाडावा लागला असता. तेव्हा डबा पुरू नका, दगडाआड ठेवा. आणि आत पैसे ठेवायची हौस असेल, तर पाचाची दोन नाणी पुरेत.